पावणेसातचं पाणी

वडील गेल्यावर तीन महिन्यांनी मी मायला खाप्याहून नागपूरला आमच्या घरी आणलं. ताई, माझी मोठी बहीण, खाप्यातच राहते, चार घरं सोडून. तिनं मायला सांगून पाहिलं होतं की माझ्याकडेच राहा. पण लेकीच्या घरी कायमचं राहणं मायला पटेना. "पोरगा आहे न माहा," ती म्हणाली, आणि एक पेटी, दोन पिशव्या घेऊन माझ्या मागे बसमध्ये चढली.

आमचा फ्लॅट सक्करदऱ्याला, तलावापासून पाच मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, एकच न्हाणीघर. घरात मी, बायको आणि मुलगी. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. बायको नर्स आहे, तिची ड्युटी सकाळी आठला सुरू होते. मुलगी कॉलेजात पहिल्या वर्षाला. माय आली तेव्हा पावसाळा संपत आला होता आणि आंघोळीच्या पाण्याचा काही प्रश्नच नव्हता. नागपुरात तो प्रश्न पडतो फक्त दिवाळीनंतर.

विजेच्या बाबतीत मी पहिल्यापासून काटेकोर. ते कंजूषपणातून आलेलं नव्हतं, निदान मला तसं वाटत नाही. खाप्याला जाता-येता वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. लहानपणापासून तो धूर पाहत आलो. पुढे विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा त्या धुराचा आणि घरातल्या बटणाचा संबंध मुलांना सांगणं हे मला माझं कामच वाटू लागलं. घरात सगळ्यांत जास्त वीज खातो गिझर, हे मी वर्गात दरवर्षी सांगायचो. पाणी एका वेळी तापवा. एकामागून एक आंघोळी उरका. शॉवर नको, बादली घ्या. तापमान पन्नासच्या वर ठेवू नका, कारण नंतर तुम्ही त्यात थंडच पाणी मिसळता. रात्रभर गिझर चालू ठेवू नका, कारण टाकीतली उष्णता हळूहळू भिंतीबाहेर निघून जाते. यातलं प्रत्येक वाक्य बरोबर आहे. आजही बरोबर आहे.

नोव्हेंबरमध्ये थंडी पडायला लागली आणि एके दिवशी मी शाळेतून चारला घरी आलो तर गिझरचा लाल दिवा लागलेला. सकाळी मायनं बटण दाबलं होतं, तेव्हापासून तो चालूच होता. मी ओरडलो. खोटं कशाला लिहू, चांगलाच ओरडलो.

"माय, हा दिवा दिसत नाही काय तुले? दिवसभर जळून राहिला न तो!"

"मले वाटलं पानी तापलं का आपोआप बंद होते."

"बंद होते, पण मंग थंडं झालं का पुन्हा चालू होते. तेच तं सांगून राहिलो. दिवसभर कोणासाठी तापून राहिलं ते पानी?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. खाप्याच्या घरात तिनं चूल पेटवली, कापसाच्या ओल्या पऱ्हाट्या फुंकून फुंकून पेटवल्या, चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यावर पाणी तापवलं. वडील मँगनीजच्या खाणीत होते. ते काळे होऊन यायचे आणि त्यांच्यासाठी अंगणात गरम पाण्याची बादली तयार असायची. एक दिवस ती चुकली नाही. आणि मी तिला पाणी कसं तापवायचं ते शिकवत होतो. त्या दिवसानंतर तिनं त्या बटणाला हात लावला नाही.

पुढच्या रविवारी मी इलेक्ट्रिशियनला बोलावून टायमर लावून घेतला. सकाळी साडेसहाला गिझर आपोआप सुरू होणार, पावणेसातला बंद. मग सगळ्यांनी लागोपाठ आंघोळी करायच्या. सगळ्यांत आधी माय, मग बायको, मग मुलगी, शेवटी मी. मी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून हे समजावून सांगितलं. मुलीनं डोळे फिरवले, बायको हसली.

"तुले समजलं न माय? पावणेसातले तुहा नंबर. पहिला."

"समजलं गा," ती म्हणाली.

माय पाचला उठायची. खाप्यालाही पाचलाच उठायची. आंघोळ करायची आणि तथागतांच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावून वंदना म्हणायची. आंघोळीशिवाय वंदना नाही हा तिचा स्वतःचा नियम होता, तिला कोणी सांगितलेला नव्हता. मी सव्वासहाला उठायचो तेव्हा ती धुतलेल्या पातळात, ओल्या केसांनी खिडकीजवळ बसलेली असायची. टायमर लावल्यावर पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं, आंघोळ झाली पण? ती म्हणाली, "झाली न." मी मनाशी म्हणालो की संध्याकाळी बायको ड्युटीवरून आली की आंघोळ करते, तेव्हाचं गरम पाणी टाकीत उरलेलं असणार, सकाळपर्यंत कोमट राहत असणार. रात्रभरात टाकीतली उष्णता निघून जाते हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवतो. घरात मात्र मी ते पाणी कोमट ठेवलं, मनातल्या मनात, महिनाभर.

डिसेंबरमध्ये शाळेत विज्ञान मंडळाचा कार्यक्रम होता, वीज बचतीवर. माझं भाषण होतं. मायला मी मुद्दाम सोबत नेलं, घरात एकटी बसून कंटाळते म्हणून. ती पांढरं पातळ नेसून पुढच्या रांगेत बसली. मी गिझरबद्दल बोललो, टायमरबद्दल बोललो, आणि मग सगळ्यांसमोर तिच्याकडे हात करून म्हणालो, "ही माझी आई. सत्तरीच्या पुढे आहे. तीसुद्धा अर्ध्या बादलीत आंघोळ करते. आमच्या घरी गिझर सकाळी पंधरा मिनिटांच्या वर एक मिनिट चालत नाही. ती करू शकते तर तुम्ही का नाही?"

टाळ्या वाजल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी खाली उतरून मायच्या हातात गुलाबाचं फूल दिलं. माय उठून उभी राहिली, सगळ्यांना हात जोडले. ऑटोत बसल्यावर ती बराच वेळ ते फूल पाहत होती.

"चांगलं बोलतं तू," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पोरं कसे आयकत होते न."

मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी. नंतर मी या गोष्टीचा खूप विचार केला. तिला तोवर काही सांगायचं असेलही. माझ्याजवळ नाही तर सुनेजवळ, नातीजवळ. पण त्या टाळ्यांनंतर ती काय सांगणार होती?

जानेवारीत थंडी वाढली. नागपूरची थंडी कोरडी असते, पण गच्चीवरच्या काळ्या टाक्यांमधलं पाणी पहाटे इतकं गार पडतं की दात घासताना हिरड्या दुखतात. एका सकाळी शाळेची सहल होती आणि मला साडेपाचला बसजवळ पोचायचं होतं. मी पाचला उठलो. न्हाणीघरात दिवा होता. आतून मगचा आवाज येत होता. एक मग ओतला की जरा वेळ शांत, मग एक खोल श्वास, जड वजन उचलायच्या आधी माणूस घेतो तसा, आणि मग दुसरा मग. मी दाराबाहेर उभा राहून ते ऐकलं. पाच-सहा वेळा तरी ऐकलं.

ती बाहेर आली. मला पाहून दचकली. तिचे ओठ निळसर झाले होते आणि हनुवटी थरथरत होती. मी आत गेलो. आरसा कोरडा होता, त्यावर वाफेचा ठिपका नव्हता. बादलीच्या तळाशी पाणी उरलं होतं. मी त्यात हात घातला आणि लगेच बाहेर काढला.

"माय, थंड्या पान्यानं आंघोळ केली?"

"नाई गा. कोमट होतं."

"मी हात लावून पाह्यला."

ती अंगाभोवती पदर गच्च ओढत होती. "सवय आहे मले. जनमभर कन्हान नदीच्या पान्यानं न्हाली मी. हे काय थंडं आहे?"

"पण काहून? पावणेसातले गरम भेटते न तुले."

"पावणेसातले आंघोळ करू तं वंदना कवा करू? आन त्या टायमाले साऱ्यायले घाई असते. सूनबाईले ड्युटी, पोरीले कॉलेज. मी कायले मधात येऊ?"

"मंग मी पाचचा टायमर लावून देतो."

"नको." हे तिनं एकदम ठामपणे म्हटलं. "एका जिवासाठी दोनदा तापवतं काय? तूच तं सांगतलं तिथं, एकदाच तापवा म्हणून."

टायमरवर दोन बटणं दाबायची होती. दोन मिनिटांचं काम. मी घड्याळ पाहिलं, पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मी म्हणालो, "बरं. पण लय थंडी वाजली तं सांगजो." आणि गेलो.

इथपर्यंत घाई होती असं म्हणता येईल. पण संध्याकाळी मी परत आलो तेव्हा घाई नव्हती. मला सकाळचं सगळं आठवत होतं. हात धुताना टायमर समोर होता. मी तो बदलला नाही. मी स्वतःला सांगितलं की तिनंच नको म्हटलं आहे, तिला सवय आहे, जुनी हाडं मजबूत असतात, लोक तर थंड पाणी तब्येतीला चांगलं म्हणतात. आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, जी लिहायला मला दीड वर्ष लागलं. मला आनंद झाला होता. माझी अडाणी आई माझं भाषण समजली आणि पाळतेही आहे, याचा आनंद. पुढचे वीस-बावीस दिवस मी सव्वासहाला उठत राहिलो आणि ती खिडकीजवळ ओल्या केसांनी बसलेली दिसत राहिली.

मग तिला खोकला झाला. दोन दिवस ती काढा घेत होती. तिसऱ्या दिवशी बायको ड्युटीवरून आली, मायच्या पाठीला कान लावला आणि मला म्हणाली, "रिक्षा बोलवा. आता." रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात आम्ही तिला नेलं. न्यूमोनिया होता. पाच दिवस अतिदक्षता विभागात, त्यानंतर आठवडाभर वॉर्डात.

डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलायचे. चौथ्या दिवशी मी त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं, रोज थंड पाण्यानं आंघोळ केल्यानं असं होतं का. ते म्हणाले, "थंड पाण्यानं न्यूमोनिया होत नाही. जंतूंनी होतो. वय आहे, आणि यांची फुप्फुसं चुलीच्या धुरानं आधीच खराब झालेली आहेत. रोज इतकी थंडी अंगावर घेणं या वयात चांगलं नाही, पण त्यानंच झालं असं मी म्हणू शकत नाही."

मला सुटल्यासारखं झालं. मी खाली चहाच्या टपरीवर बायको उभी होती तिथं गेलो आणि तिला सांगितलं, डॉक्टर म्हणतात थंड पाण्यानं होत नाही.

तिनं कप खाली ठेवला. "तुम्ही त्यांना थंड पाण्याचं कशाला विचारलं?"

मी चहासाठी सुटे पैसे काढायला लागलो.

"आई थंड पाण्यानं आंघोळ करत होत्या?"

"त्यांना, म्हणजे तिला सवय..."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

मी होकारार्थी मान हलवली. ती ओरडेल असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती रस्त्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मी नर्स आहे. रोज त्यांच्यामागून त्याच बाथरूममध्ये जात होते. मला कसं कळलं नाही?" त्यानंतर या विषयावर ती माझ्याशी कधी बोलली नाही. तिनं अर्धा दोष स्वतःकडे घेतला आणि तो परत घ्यायला मला जमलं नाही.

मायला घरी आणलं तेव्हा ती पलंगावर उठून बसू शकत नव्हती. मी शाळेतून रजा घेतली. रोज दहा वाजता मी गॅसवर पातेल्यात पाणी तापवायचो, परातीत घेऊन तिच्याजवळ बसायचो आणि गरम फडक्यानं तिचं अंग पुसायचो. हात, पाठ, पाय. बायको म्हणाली होती मी करते, पण मी करू दिलं नाही. पहिल्या दिवशी फडकं पायाला लागताच मायनं डोळे मिटले.

"गरम आहे गा," ती म्हणाली.

"चटका बसून राह्यला काय?"

"नाई. चांगलं आहे."

जरा वेळानं तिनं डोळे उघडून परातीकडे पाहिलं. "एवढं कायले तापवलं? गॅस जाते न बाप्पा."

"जाऊ दे माय. तू म्हनशीन तेवढं तापवतो."

"नको. थोडंच तापवत जाय. तू लोकायले सांगतं." तिचा श्वास लागला, ती थांबली. "लोकं काय म्हनतीन."

मी फडकं पिळत होतो. मला तिला म्हणायचं होतं की मी चुकलो, लोक गेले खड्ड्यात. रोज ठरवायचो की आज म्हणीन. रोज ती परातीकडे पाहून पाणी जास्त झालं असं सांगायची आणि मी "बरं, उद्या कमी" म्हणायचो. बारा-तेरा दिवस असे गेले. फेब्रुवारी संपत आला होता, ऊन तापू लागलं होतं, गच्चीवरच्या टाकीतून दुपारी नळाला आपोआप गरम पाणी यायला लागलं होतं. त्यातल्याच एका दुपारी ती गेली. मी स्वयंपाकघरात होतो. मुलगी तिच्याजवळ होती. तिनं मला हाक मारली तेव्हा सगळं झालं होतं. मी चुकलो हे वाक्य माझ्याकडेच राहिलं.

मायच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला खाप्याचे पुष्कळ लोक आले. सगळे निघून गेल्यावर ताई दोन दिवस मायची पेटी आवरायला राहिली. पातळं घडी करता करता ती आपल्याच नादात बोलत होती, आणि मी अचानक तिला सगळं सांगून टाकलं. लाल दिवा, टायमर, ती पहाट, बावीस दिवस. मला वाटतं मला तिच्याकडून शिक्षा हवी होती, किंवा माफी. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं.

ताई ऐकत होती. शेवटी मी म्हणालो, "मले वाटलं तिले सवय आहे. तीच म्हने."

"सवय?" ताई म्हणाली. "तिले थंडं पानी सोसतच नव्हतं. पायाचे बोटं सुजून जात तिचे हिवाळ्यात. बाबा खाणीतून यायच्या आधी त्यायच्या बादलीतलं थोडं पानी गंगाळात झाकून ठेवे ती, न्हाणीत पडद्यामागं. साऱ्यायचं झालं का त्यात पाय बुडवून बसे. दिवसभरात तेवढंच बसे ती." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू तं त्याच घरात मोठा झाला न?"

"मले माहीत नव्हतं."

"हो," ताई म्हणाली. "तुले कायले माहीत असन."

तिनं हातातलं पातळ पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि दुपारच्या बसनं जाते म्हणाली. मी पेटी घेऊन बसस्टँडपर्यंत गेलो. तिनं खिडकीजवळची जागा घेतली. बस सुटेपर्यंत मी खाली उभा होतो. ती समोरच्या सीटकडे पाहत होती.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. मी दर रविवारी खाप्याला फोन करतो. भाऊजी उचलतात. तब्येत विचारतात, मुलीच्या परीक्षेचं विचारतात, उन्हाचं बोलतात. ताईला द्या म्हटलं की ते म्हणतात, ती आंगणात आहे, कामात आहे. मागून भांड्यांचा आवाज येत असतो. मी म्हणतो, बरं, पुढच्या रविवारी करतो.